जास्वंद यांची प्रतिक्रिया

“हे ऐक, हे ऐक,” परवीन म्हणाली आणि डबा बाजूला सारून तिने मोबाईल तोंडासमोर धरला. “‘मी स्वतः फोन करून सांगितलं तरी माझ्या नवऱ्याला मी कुठल्या स्टॉपवर उभी आहे ते सापडत नाही, आणि इकडे एर्वानला सात चंद्र ओलांडून कस्तुरीच्या छातीचे ठोके ऐकू येतात. देवा, पुढचा जन्म परग्रहावर दे.’ साडेसहाशे लाईक आलेत, शैला!”

मी भाकरीचा तुकडा तोंडात धरून हसत होते.

“आणि हे तुझे नाशिकचे गुरुजी. ‘भाग तीनमध्ये एर्वान यांस नाक नाही असे म्हटले आहे. भाग नऊमध्ये ते गजऱ्याचा वास घेतात. लेखिकेने खुलासा करावा.’”

“त्याचं नाक मी विसरलेच.”

“उगवून टाक की मग एखादं. लेखिका आहेस ना!”

मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्यावर एक पॅथॉलॉजी लॅब होती, तिच्या मागच्या खोलीत आम्ही दोघी जेवायला बसायचो. मी तिथे रक्त-लघवी तपासायचे, परवीन मुजावर नमुने घ्यायची. वाचनाच्या एका मराठी ॲपवर ‘अवनी’ या नावाने ‘सातव्या चंद्राचा पाहुणा’ लिहिणारी बाई म्हणजे मी, शैलजा मगदूम, हे अख्ख्या जगात तिला एकटीला ठाऊक होतं. घरी सांगायची सोय नव्हती. तिशीची अविवाहित मुलगी परग्रहावरच्या पुरुषाची प्रेमकथा लिहिते हे आईला कसं सांगणार?

पण वाचणाऱ्या हजारो होत्या. एर्वानची कातडी राखाडी-निळी, तिच्याखाली उजेड वाहायचा. तो कधी झोपायचा नाही. कस्तुरी म्हणजे तालुक्याच्या गावातली शाळामास्तरीण. ती कुठेही असली तरी त्याला कळायचं. ती उशिरा सुटली की तो शाळेबाहेर उभा. तिच्याशी कोणी दोन शब्द जास्त बोललं की त्याच्या गळ्यातला उजेड तांबडा व्हायचा. बायका वेड्या झाल्या होत्या. सतराव्या भागात त्याच्या ग्रहावरचे शत्रू कस्तुरीच्या मागावर येतात आणि तिला वाचवायला तो तिच्या घराभोवती प्रकाशाची भिंत उभी करतो. “तू माझ्या श्वासाच्या आत आहेस, म्हणून सुरक्षित आहेस,” असं म्हणतो. हे वाक्य मला लॅबमध्ये मशीन धुताना सुचलं होतं आणि मी स्वतःवरच खूश झाले होते. एका दिवसात त्या भागावर बाराशे प्रतिक्रिया आल्या.

“ही बघ, आली तुझी जास्वंद,” परवीनचा आवाज उतरला. “‘कस्तुरीला ही भिंत आतून उघडता येते का?’ एवढंच लिहिलंय.”

“परत ती बया!”

जास्वंद नावाची ती वाचक पाचव्या भागापासून यायची. फोटो नाही, गाव नाही. सुरुवातीला चांगलं लिहायची. कस्तुरी मुलांना बिया मोजून बेरीज शिकवते तो प्रसंग तिला फार आवडला होता. “मीही अशीच चिंचोके घेऊन शिकवायचे,” असं तिने लिहिलं होतं. मग हळूहळू तिचे प्रश्न सुरू झाले. एर्वान शाळेबाहेर उभा राहतो तेव्हा कस्तुरीला काय वाटतं ते का लिहिलं नाही? ती कुठे आहे हे त्याला नेहमी कळतं, यात एवढं छान काय आहे? तो तिचा फोन फोडतो, का तर शत्रूंना माग लागू नये म्हणून. मग दुसरा का आणून देत नाही?

बाकीच्या बायका तिच्यावर तुटून पडायच्या. “ताई, गोष्ट आहे ही, पोलीस तपास नाही.” “तुम्हाला कोणी जपलं नाही वाटतं कधी.” जास्वंद कोणाला उत्तर द्यायची नाही. पुढच्या भागावर तिचा नवा प्रश्न असायचा.

“दे इकडे,” मी परवीनच्या हातातून फोन घेतला.

“शैला, राहू दे. तिला काहीतरी होतंय. साधी टीका नाही ही.”

“काही होत नाही. असतात अशा, दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.”

मी माझ्या फोनवरून लिहिलं, ‘जास्वंदताई, प्रेम समजायला आधी ते वाट्याला यावं लागतं. ज्यांच्या वाट्याला आलं नाही त्यांना प्रत्येक भिंत तुरुंगाचीच दिसणार. आपल्याबद्दल वाईट वाटतं.’

संध्याकाळपर्यंत त्याला चारशे लाईक पडले. कोणीतरी टाळ्यांच्या ओळी टाकल्या. परवीन मात्र हात धुताना एवढंच म्हणाली, “बाईमाणसाला असं चारचौघांत नाही बोलायचं.”

जास्वंदचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ‘बरोबर आहे तुमचं.’

मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं.

एर्वान मी हवेतून आणला नव्हता. तो माझा दादा होता. बाबा गेले तेव्हा मी नववीत होते आणि महांतेशदादा एकोणीस वर्षांचा. पंपाच्या सुट्या भागांचं दुकान त्याने त्याच वर्षी अंगावर घेतलं. मी सांगलीला कॉलेजला जायला लागले तर पाच वर्षं तो रोज संध्याकाळी स्टँडवर मला घ्यायला यायचा. बस तासभर उशिरा आली तरी स्कूटरला टेकून तो तिथेच. मैत्रिणी म्हणायच्या, भाऊ असावा तर असा. एका मुलाने माझी वही मागितली होती, दादा त्याच्या घरी जाऊन बोलून आला. पुन्हा कुणी वही मागितली नाही. मला त्याचं कौतुकच वाटायचं. मला प्रेम असंच दिसलं होतं, म्हणून मी तसंच लिहिलं.

तीन वर्षांपूर्वी त्याचं लग्न झालं. शिवलीलावहिनी गडहिंग्लजकडची, डीएड झालेली, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. लग्नाआधी बालवाडीत शिकवायची. इथे आल्यावर शाळेत अर्ज करायचं म्हणत होती, मग कधीतरी म्हणायची थांबली. कमी बोलायची. हाताला चव होती. घरात आवाज न करता वावरायची. मी तिच्याबद्दल याहून जास्त काही सांगू शकले नसते, आणि आम्ही तीन वर्षं एका घरात राहत होतो.

त्या रविवारी गॅस संपला. सिलिंडरची नोंदणी आईच्या नंबरवर होती, म्हणून मी आईचा फोन उचलला. नोंदणी करून झाली आणि पडद्यावर वरून एक पट्टी सरकत आली. ‘तुमच्या प्रतिक्रियेला अवनी यांनी दिलेल्या उत्तरावर नवे लाईक आले आहेत. जास्वंद, वाचण्यासाठी येथे दाबा.’

आधी वाटलं, आई? मी आईकडे बघितलं. ती चष्मा कपाळावर चढवून शेंगा फोडत होती. तिला फोनवर प्रवचन लावायचं तर दुसऱ्याला हाक मारावी लागायची.

स्वयंपाकघरात वहिनी चिंच कोळत होती. चिंचोके तिने एका वाटीत वेगळे काढले होते.

मी फोन होता तिथे ठेवला. पुढचे दोन दिवस मला नीट जेवण गेलं नाही. जास्वंदच्या सगळ्या प्रतिक्रिया मी पहिल्यापासून वाचून काढल्या. वेळ बघितली. सगळ्या सकाळी दहा ते दुपारी दीडच्या दरम्यान. आई रोज नऊला दादाच्या स्कूटरवर मठात जायची आणि फोन घरी विसरायची. दोघं दोन वाजता जेवायला परत यायची. साडेनऊला घरातून शेवटी निघायचे ती मी.

मंगळवारी लॅबमध्ये अर्धा दिवस मागून घेतला आणि साडेअकराला घरी आले. जिना चढले, पर्समधून किल्ली काढली, ग्रिलचं कुलूप उघडलं. आत काहीतरी घाईने ठेवल्याचा आवाज झाला. वहिनी खिडकीपाशी उभी होती, पदराला हात पुसत. फोन देव्हाऱ्याजवळ उपडा ठेवलेला होता.

“वन्सं? बरं नाही का?”

“बरं आहे. बस जरा.”

ती बसली नाही.

“वहिनी, जास्वंद तूच ना?”

तिचा चेहरा पांढरा पडला. “ह्यांना सांगू नका,” ती पटकन म्हणाली. “मी काढून टाकते ते. आत्ता काढते. फक्त गोष्टी वाचते मी, वन्सं, दुसरं काही नाही. कोणाशी बोलत नाही. शपथ घेऊन सांगते.”

“मी कुठे काय म्हणतेय?”

“मग तुम्हाला कसं कळलं? तुम्ही पण वाचता?”

मला खोटं बोलता आलं असतं. वाचते, म्हणाले असते तर ती कदाचित हसलीही असती.

“मी लिहिते,” मी म्हणाले. “अवनी म्हणजे मी.”

आधी तिला समजलं नाही, मग समजलं. मग ती खाली बसली, भिंतीला पाठ टेकून, पाय पोटाशी घेऊन, जशी ती कधीही कोणासमोर बसायची नाही.

“म्हणजे ते उत्तर तुम्ही दिलंत मला.”

“मला माहीत नव्हतं ती तू आहेस.”

“दुसरी कोणी असती तर चाललं असतं?”

खाली रस्त्यावर भाजीवाला मेथी मेथी ओरडत गेला.

“मला वाटायचं,” ती सावकाश म्हणाली, “कोणीतरी लांबची बाई आहे. शिकलेली. पुण्याची असेल. तिला विचारलं तर ती सांगेल, हे असंच असतं की माझंच काहीतरी चुकतंय. दहादा लिहून खोडायचे, मग एक वाक्य टाकायचे. आणि तुम्ही लिहिलंत की मला प्रेम मिळालं नाही म्हणून मला तसं दिसतं. मी चार दिवस त्याचाच विचार केला. म्हटलं खरंच असेल. हे मारत नाहीत, पीत नाहीत. बाहेर कुठे काही नाही. माझं डोकं दुखलं तर दुकान सोडून गोळी घेऊन येतात. मग मला श्वास का लागतो?”

“फोन काय झाला तुझा?”

“फुटला ना.”

“कसा?”

“माझ्या मावसभावाचा फोन आला होता. मुलगा झाला म्हणून. मी हसून बोलत होते.” तिने हाताने फोन जमिनीवर आपटल्याची खूण केली. “नंतर रडले ते. माझ्या पायाला हात लावला. म्हणाले, तुझ्याशिवाय मला कोण आहे. दुसरा घेऊ म्हणाले, मग म्हणाले आईचा आहे की घरात.”

“आणि शाळेचं?”

“मुलाखत झाली होती. बाईंनी ये म्हणून सांगितलं होतं. हे जाऊन बोलून आले त्यांच्याशी. काय बोलले माहीत नाही.”

मला माहीत होतं तो कसा बोलून येतो. मी सतरा वर्षांची असताना तो असाच एकाशी बोलून आला होता.

“तू मला का नाही सांगितलंस, वहिनी? एका घरात राहतो आपण.”

आता तिने मान वर केली. रागावली नव्हती ती, हेच सहन होत नव्हतं.

“वन्सं, सकाळी जाताना ग्रिलला कुलूप कोण लावतं?”

मी लावायचे. तीन वर्षं, रोज साडेनऊला, चप्पल घालून, पर्स खांद्याला अडकवून. दादाने सांगितलं होतं, चोऱ्या वाढल्यात, ती एकटी असते, बाहेरून लावत जा. किल्ल्या दोनच होत्या, एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. कुलूप लावलं की मी ते एकदा ओढून बघायचे, नीट बसलंय ना म्हणून. आणि आतून ती म्हणायची, “सावकाश जा हं, वन्सं.”

बुधवारी मी कुलूप लावलं नाही. किल्ली तिच्या हातात दिली. तिने ती घेतली, बघितली आणि परत माझ्या हातात ठेवली. “आज नको,” म्हणाली. “आज नुसतं उघडं राहू दे.”

दोन वाजता दादा घरी आला तेव्हा ती आत भाकरी थापत होती. कुठेही गेली नव्हती. तिला तो काही बोलला नाही. संध्याकाळी मी चप्पल काढत होते तेव्हा तो दारातच उभा होता.

“कुलूप का लावलं नाहीस?”

“नाही लावलं.”

“विसरलीस?”

“नाही, दादा. विसरले नाही. घरात माणूस असताना बाहेरून कुलूप लावायचं नाही.”

“तुला काय कळतंय? शेजारच्या गल्लीत भरदिवसा शिरले होते.”

“मग आतून लावेल ती. किल्ली तिच्याकडे दे.”

तो हसला. अगदी मायेने हसला. “ती वेंधळी आहे, शैले. तुला माहीत नाही. कुठेही जाईल, कोणाशीही बोलेल. तिला माणसं कळत नाहीत. मी जपतो म्हणून बरं आहे. तुलाही जपलंच की मी. वाईट झालं का तुझं?”

माझं वाईट झालं नव्हतं. मी शिकले, नोकरी करत होते. तिशी गाठली तरी माझ्याशी चार वाक्यं बोलायला कोणी पुरुष धजावला नव्हता आणि ते मी आजवर कधी त्याच्याशी जोडून पाहिलं नव्हतं.

“तिला श्वास लागतो, दादा.”

“कोण म्हणालं?” त्याचा आवाज एकदम बदलला. “तुझ्याशी बोलली? कधी बोलली?” तो आत वळला. “लीला! बाहेर ये. काय सांगितलंस हिला? आणि त्या फोनवर काय करत असतेस तू दिवसभर? आई, उद्यापासून तुझा फोन तू बरोबर घेऊन जायचा. रोज विसरतेस.”

आई पलंगावर बसून वाती वळत होती. मान न उचलता ती म्हणाली, “विसरत नव्हते मी. ठेवून जात होते.”

दादाला ते उमजायला वेळ लागला. मलाही लागला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, दोन्ही हातांना पीठ.

तो कोणावर ओरडला नाही. त्याने फक्त माझ्यासमोर तळहात धरला. “किल्ली दे.”

“लॅबमध्ये राहिली,” मी म्हणाले. किल्ली पर्समध्येच होती. त्याने माझं ऐकलं, कारण मी त्याच्याशी आयुष्यात खोटं बोलले नव्हते. “उद्या आठवणीने आण,” म्हणाला.

गुरुवारी सकाळी तो आईला घेऊन गेला तेव्हा बाहेरून स्वतः कुलूप लावून गेला. मी आतच होते. मला सोडायला दहाला परत येतो म्हणाला. सव्वानऊला मी पर्समधली किल्ली वहिनीला दिली. ग्रिलच्या गजांतून हात बाहेर काढून कुलूप उघडावं लागत होतं. तिचा हात माझ्याहून बारीक होता. दोनदा किल्ली निसटली, तिसऱ्यांदा लागली. तिने एक पिशवी घेतली होती, तिच्यात दोन साड्या आणि प्रमाणपत्रांची फाईल. रात्रीच मी परवीनला फोन करून ठेवला होता, ती खाली स्कूटर सुरू ठेवून उभी होती. मी रिक्षाने मागून गेले.

स्टेशनवर तिने तिकीट स्वतः काढलं. कुठलं, ते मी विचारलं नाही. बाकावर बसल्यावर मी म्हणाले, “वहिनी, ते उत्तर मी आज काढून टाकते.”

“काढू नका,” ती म्हणाली.

“लोक अजून लाईक करतायत गं त्याला.”

“करू देत. तुम्ही काढलंत की तुम्हाला बरं वाटेल. मला नाही.” मग पिशवी मांडीवर घेत म्हणाली, “मला सोडवलंत, ते विसरणार नाही. पण हेही नाही विसरणार, वन्सं. दोन्ही राहील.”

गाडी आली. बायकांच्या डब्यात चढताना तिने परवीनचा हात धरला, माझा नाही.

अठरावा भाग मी त्याच आठवड्यात लिहिला. कस्तुरी एर्वानला भिंत काढ म्हणते. तो म्हणतो, बाहेर धोका आहे. ती म्हणते, तरी काढ. तो काढत नाही. तेव्हा ती शत्रूंनाच हाक मारते, ते भिंत फोडतात आणि ती त्यांच्यातून वाट काढत निघून जाते. एर्वान एकटा उरतो. इथे मी कादंबरी संपवली.

वाचकांनी मला फाडून खाल्लं. “एवढ्या चांगल्या माणसाचं वाटोळं केलंत.” “कस्तुरी कृतघ्न आहे.” “लेखिकेचा घटस्फोट झाला असणार.” पाच तारे देणाऱ्या बायकांनी परत येऊन एक तारा दिला. नाशिकच्या गुरुजींनी लिहिलं, ‘नाकाचा खुलासा राहून गेला.’ माझी सगळ्यात लाडकी वाचक, प्रत्येक भागाला पहिली प्रतिक्रिया देणारी, तिने लिहिलं, ‘अवनीताई, तुम्हाला प्रेम कधी मिळालंच नसावं.’ मी ते वाचलं आणि मोबाईल बंद करून रक्ताचे नमुने लावायला घेतले. माझं ते जुनं उत्तर मी काढलं नाही. शेवटचं बघितलं तेव्हा त्याला अकराशे लाईक होते. त्यानंतर मी काही लिहिलेलं नाही.

दादाने त्या दिवशी स्टेशन, स्टँड, गडहिंग्लज, सगळं पालथं घातलं. आठ महिने तो माझ्याशी बोलला नाही. मी सांगलीला खोली घेतली. वहिनीने वर्षभराने घटस्फोटाचे कागद पाठवले. त्यांवर त्याने सही करायला आणखी दोन वर्षं लावली. ती कुठे आहे, कुठल्या शाळेत शिकवते, हे परवीनला ठाऊक आहे. परवीनकडून मलाही कळलं. मी कधी फोन केला नाही. तिने केला तर घेईन.

गेल्या पाडव्याला मी मिरजेला गेले होते. जेवणं झाली. आई आत पडली होती. दादाचे केस पुष्कळ पिकले आहेत, बोलणं कमी झालंय. तो बराच वेळ सुपारी कातरत बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “ती कुठे आहे, तुला ठाऊक आहे ना?”

“आहे,” मी म्हणाले.

“बरी आहे?”

“बरी आहे.”

अडकित्ता हातात तसाच धरून तो थांबला. मी वाट बघत राहिले. आता विचारेल, आता विचारेल. काय उत्तर द्यायचं ते मी मनात जुळवून ठेवलं होतं.

त्याने दोन खांडं माझ्या हातावर ठेवली आणि उठून पाणी प्यायला गेला. गाव कोणतं, ते त्याने विचारलं नाही.